देव्हाऱ्याचें पितळ

आमचा देव्हारा सागवानी आहे. त्याच्या दोन्ही झडपांना पितळी बिजागऱ्या आहेत, मधोमध एक पितळी कडी आहे, आणि प्रत्येक झडपेच्या चारी कोपऱ्यांवर पिंपळपानाच्या घाटाचे पत्रे लोखंडी खिळ्यांनीं ठोकलेले आहेत. आई गेल्यापासून तीन वर्षें मीं त्या पितळेकडे ढुंकूनही पाहिलें नव्हतें. गेल्या दिवाळीला अक्का भाऊबीजेसाठीं येणार असें तिचें पत्र आलें, आणि काळवंडलेला देव्हारा तिच्या दृष्टीस पडूं नये म्हणून मीं बाह्या सरसावल्या.

दरवर्षीं हें काम आई करी. एका वाटींत चिंच कोळून ती पानें न् पानें घाशी आणि वरून पाण्याचा हबका मारी. पितळ सोन्यासारखें दिसूं लागे. परंतु चिंचेचें पाणी पत्र्याखालीं जाऊन मुरे आणि काठांवर लांकूड काळें पडे. वर्षानुवर्षें ती काळी कड रुंदावत गेली. कॉलेजांत शिकूं लागल्यावर मला या कडेचा फार राग येई. "आई, तूं देव्हारा घासतेस कीं जाळतेस?" असें मी म्हणे. त्यावर तिचें उत्तर ठरलेलें असे: "पितळ लखलखलं पाहिजे. लाकडाला कोण बघतंय?"

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. परंतु ज्या विषयांतलें आपल्याला कांहीं कळत नाहीं, त्यांत आईपेक्षां आपल्याला अधिक कळतें, अशी प्रत्येक पदवीधराची मनोमन खात्री असते. मीं बाजारांतून धातूंसाठीं मिळणारें तयार पॉलिश आणलें आणि तासाभरांत उजवी व डावी दोन्ही झडपें घासून काढलीं. पितळेंत तोंड दिसूं लागलें. मात्र फडकें बाजूला ठेवून पाहतों तों प्रत्येक पानाभोंवतीं, आईच्या काळ्या कडेच्या बाहेर, एक निस्तेज पांढुरकें वलय उमटलेलें! लांकडाची झिलई गेली होती आणि त्याच्या रेषांत पांढरी भुकटी जाऊन बसली होती. 'पितळ उघडें पडणें' या वाक्प्रचाराचा अर्थ त्या दिवशीं मला नव्यानें कळला.

रसायनशास्त्राचे आमचे एक सहाध्यापक आहेत. त्यांच्यापाशीं मीं रडगाणें गाइलें. ते म्हणाले, त्या पॉलिशांत अमोनिया असतो. देव्हाऱ्याची झिलई लाखेची. लाख अमोनियांत विरघळते. मग त्यांना विषय चढला. तांबें आणि जस्त यांचें हें मिश्रण. त्यांतलें तांबें हवेंतल्या प्राणवायूशीं आणि गंधकाशीं संयोग पावून काळवंडतें, तर समईच्या तेलांतील आम्लांमुळें त्यावर हिरवा चिकट कळंक चढतो. ब्रिटिश अमदानींत आपल्या देशांतील फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत आपोआप तडकत. त्याचा उलगडा १९२१ सालीं झाला: तबेल्यांतल्या घोड्यांच्या मूत्रांतून सुटणारा अमोनिया आणि घडवतांना पितळेंत राहिलेला ताण, हे दोघे मिळून तें काम करीत. आईच्या काळ्या कडेचेंही कारण त्यांनीं सांगितलें. सागांतलें तुरट द्रव्य आणि आंबट पाण्यानें गंजलेल्या खिळ्याचें लोखंड एकत्र आलें कीं काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई हीच. म्हणजे आई इतकीं वर्षें देव्हाऱ्यावर शाईनें लिहीत होती, आणि मी तिला अडाणी म्हणत होतों!

धनत्रयोदशीच्या सकाळीं एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनीं वलयावरून बोट फिरवलें आणि विचारलें, "सर, डब्यावरचं वाचून केलंत, कीं न वाचतां?" मी गप्प राहिलों. उजव्या झडपेचें काम करतां करतां त्यांनीं मला जें शिकवलें, तें कोणत्याही वर्गांत शिकवण्याजोगें आहे. बिजागऱ्या आणि कडी स्क्रूवर असतात. त्या आधीं काढून घ्याव्या. पेचकसाचें पातें स्क्रूच्या खांचेंत गच्च बसणारें हवें, नाहीं तर खांच झिजते आणि पातें घसरून लांकडावर ओरखडा उठतो. कागदावर झडपेची आकृति काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागीं टोंचून ठेवावा, कारण जुना स्क्रू परक्या भोकांत नीट बसत नाहीं. लांकडापासून सुटलेल्या पितळेला चिंच चालते. मात्र ती लगेच धुवून पुसून कोरडी करावी. फार वेळ राहिली तर वरचें जस्त निघून जातें आणि पितळ तांबूस दिसूं लागतें. पानें मात्र खिळ्यांचीं, तीं उपटूं नयेत. त्यांच्या कडेला जुन्या पोस्टकार्डाची कापलेली पट्टी सरकवावी, भोंवतालच्या लांकडाला मेण चोळावें, आणि बोटाला गुंडाळलेल्या मऊ फडक्यावर खडूची वस्त्रगाळ पूड व शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब घेऊन फक्त धातूवर फिरवावें. स्पिरिटला हात लावूं नये. लाख विरघळवायला ते स्वतः तेंच वापरतात. शेवटीं पितळेवर मेणाचा पातळ हात.

"हें पांढरं वरच्यावर जाईल," ते म्हणाले. "काळं काढायचं तर सगळी लाख उतरवून ऑक्झॅलिक लावावं लागेल. काढूं?" मीं दिवाळीनंतर काढा म्हणून सांगितलें. डावी झडप तशीच राहिली.

भाऊबीजेला अक्का आली आणि चहाच्या आधीं देव्हाऱ्यासमोर बसली. काळ्या कडेवरून तिनें बोट फिरवलें. "हें आईचं," ती म्हणाली. मग डाव्या झडपेकडे पाहून, "आणि हें?"

"माझं."

"एका दिवसांत?"

"एका तासांत."

"आईला चाळीस दिवाळ्या लागल्या रे," असें म्हणून ती हसूं लागली, आणि हसतां हसतां पदरानें डोळे पुसूं लागली.

तुळशीच्या लग्नानंतर मिस्त्री पुन्हा आले. पांढरें तेवढें काढा, काळ्याला हात लावूं नका, असें मीं त्यांना सांगितलें. "म्हणजे काम निम्मंच," ते म्हणाले. मजुरी मात्र त्यांनीं पूर्ण मागितली, आणि ती मीं घासाघीस न करतां दिली.