घडीतले शेजारी

मेंदूवर संशोधन करणारा माझा भाचा गतवर्षी सुटीवर आला असता दोन दिवस माझ्याकडे मुक्कामाला होता. एके रात्री भोजनोत्तर त्याने संगणकाच्या पडद्यावर मला एक चित्र दाखवले. इस्त्री केलेल्या, पण कडेला फाटलेल्या रुमालासारखे काहीतरी ते होते. "मामा, हा मेंदूचा एक गोलार्ध," तो म्हणाला. माझा विश्वास बसेना.

मेंदू अक्रोडासारखा असतो, एवढेच मी शाळेत शिकलो होतो. भाच्याने समजावले, की मेंदूचा करडा बाह्य थर जाडीला सरासरी अवघा अडीच मिलिमीटर असतो. मात्र दोन्ही गोलार्धांचा थर उलगडला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,००० चौरस सेंटिमीटर भरते. घड्या घालूनच तो कवटीत मावतो आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. हे दडलेले अभ्यासकाला एका दृष्टिक्षेपात दिसावे, म्हणून तो संगणकात उलगडतात. अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांनी ही पद्धत सर्वत्र रूढ केली.

एमआरआयचे चित्र म्हणजे साधारणतः एकेक मिलिमीटर बाजूच्या लहान घनांची रास. त्यातून त्या थराचा पृष्ठभाग बारीक त्रिकोणांच्या जाळीने रेखाटतात. एका गोलार्धात लाखाहून अधिक शिरोबिंदू येतात आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. मग ती जाळी फुगवून, काही ठिकाणी कापून सपाट पसरतात. असे करताना ताण पडणे अटळ आहे. वक्र पृष्ठभाग विरूप न होता सपाट करता येत नाही, हे गाउसच्या १८२७ सालच्या सिद्धान्तातून निष्पन्न होते. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, ते यामुळेच.

"मग या रुमालावर खूण केलेली जागा खऱ्या मेंदूत कोठे आहे, हे कसे कळावे?" मी विचारले.

"ताणले, दुमडले, तरी बिंदूचा क्रमांक बदलत नाही, मामा. सपाट चित्रावरचा क्रमांक घ्यायचा आणि घडीतल्या मूळ पृष्ठभागावर त्याच क्रमांकाचे तीन निर्देशक पाहायचे. त्यावरून स्कॅनमधला घन सापडतो. थराला जाडी आहे, म्हणून आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्यापर्यंत पायरीपायरीने घन भरत जायचे. नाही तर प्रदेश चाळणीसारखा सच्छिद्र उतरतो. आणि परतायचे ते त्याच माणसाच्या स्कॅनमध्ये." तालेराख आणि तुर्नू यांचा १९८८ सालचा प्रसिद्ध मेंदूपट एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला आहे, असे त्याने सांगितले. त्या पटावरील जागा दुसऱ्याच्या मस्तकात तंतोतंत जुळेलच असे नाही.

मग त्याने सपाट चित्रावर दोन ठिपके दिले. त्यांच्यात तीन-चार सेंटिमीटरांचे अंतर होते. लगेच शेजारच्या स्कॅनवर दोन फुल्या उमटल्या, त्या अगदी एकमेकींना खेटून! "एकाच खाचेचे हे दोन काठ," भाचा म्हणाला. "सपाट केल्यावर दूर गेले."

मी काही बोललो नाही. मला माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामाचा नकाशा आठवला. तेथे रुजू होताच मी घराघरांची नोंद करून विभाग पाडले आणि रंगीत नकाशा कार्यालयात लावला. त्याचा मला अभिमान होता. पावसाळ्यातल्या एका रात्री दुसऱ्या विभागातील एका बाईंचा फोन आला. पलीकडची म्हातारी अत्यवस्थ आहे, फादर, लवकर या, असे त्या विनवीत होत्या. मी नकाशा पाहिला. म्हातारीचे घर सातव्या विभागात, रस्त्याने चार किलोमीटर दूर. या बाईंना कसे कळणार? मी सातव्या विभागाच्या प्रमुखांना विचारले. त्यांच्या कानी काही आले नव्हते. मी झोपलो.

सकाळी गेलो, तेव्हा म्हातारीचे डोळे मिटलेले होते. तैलाभ्यंगाविना ती गेली. परसात उभा राहिलो आणि समोर, अरुंद खाडीपलीकडे, त्या बाईंचे स्वयंपाकघर दिसले. हाक मारली तर ऐकू जावी, एवढेच अंतर! रात्रभर जळणारा दिवा त्यांनी तेथून पाहिला होता.

नकाशा खोटा नव्हता. विभागांवाचून एवढ्या मोठ्या धर्मग्रामाची व्यवस्था राहत नाही, जसे उलगडल्यावाचून मेंदूतले दडलेले दिसत नाही. चूक माझी होती. नकाशावरून मी त्या घरापर्यंत परतलो नव्हतो. मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो, असे मी व्यासपीठावरून कितीदा सांगितले होते!

आता माझ्या कुटुंबनोंदवहीत विभागाच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना आहे : यांचा दिवा कोणाच्या घरातून दिसतो? तो भरण्यासाठी मला प्रत्येक घरी जावे लागते. अजून पुष्कळ घरे राहिली आहेत.