परवानगी साऱ्या अॅपला

मोबाईलवर अॅप उघडले की ते विचारते, 'संपर्क यादी पाहू का?' आपल्या घरची मंडळी घाईत 'हो' दाबतात. ती परवानगी समोरच्या पानापुरतीच, असा आपला समज असतो. तसे नाही.

आम्ही पेशाने कारकून. ऑफिसात आवक-जावक, बिले, आस्थापना अशी टेबले निराळी, पण कपाट एकच. अॅपचेही तसेच. अँड्रॉइड फोनमध्ये या कपाटापर्यंत नेणाऱ्या दुव्याला 'कॉन्टेक्स्ट' म्हणतात. समोरचे पान असो की मागे गुपचूप चालणारे काम, दोन्ही त्याच्यामार्फत साठवलेली माहिती आणि मिळालेली परवानगी वापरतात. पान मिटले की त्या पानाचा दुवा संपतो. अॅपचा दुवा मात्र अॅप चालू असेपर्यंत टिकतो. यात सोयही आहे. नाव एकदा भरले की दर पानावर पुन्हा भरायला नको. आणि दुसऱ्या अॅपला हे कपाट उघडता येत नाही.

मुक्ताईनगरला आमच्या वस्तीत केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एका मावशींनी झटपट कर्जाचे अॅप घेतले. हप्ता थकला आणि त्यांच्या भावाला, जावयालाही धमकीचे फोन गेले. "भाऊ, मी तर एकदाच हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. एकदाच पुरते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते!

बँका व वित्त कंपन्यांच्या कर्ज-अॅपांनी संपर्क यादी पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. अशा अॅपला 'नाही' म्हणावे. दिलेली परवानगी सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या नावाखाली काढता येते. आधी गेलेले नंबर मात्र त्याने परत येत नाहीत.