टिक-टिक आणि थापटणं

अण्णांना दमा. तेरहून धाराशिवला डॉक्टरकडे न्यायचं, तर एसीतून रस्त्याची सगळी धूळ आत! आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की डॅशबोर्डमागे नुसती टिक-टिक. पुण्यातला गॅरेजवाला म्हणाला, “अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल.” आकडा ऐकून मलाच दम लागला.

शेवटी नवा अ‍ॅक्च्युएटर घेऊन तेर गाठलं. अंगणातच बॅटरीची वायर काढली, ग्लव्ह बॉक्स उतरवला. अण्णा टॉर्च धरून. हवेची झडप फिरवणारी ही मुठीएवढी मोटर. तीन स्क्रू, एक कनेक्टर. उघडून पाहिलं, तर प्लास्टिकच्या चाकाचे दोन दात गायब! चाक तिथेच घसरायचं, म्हणून टिक-टिक.

“आवाजावरनं वळखलंस व्हय?” अण्णा म्हणाले. “शोभतोस गोरोबाकाकांच्या गावचा!”

थापटण्यानं संतांची डोकी वाजवून कच्चं मडकं कोण ते सांगणारे, ते आमच्या तेरचेच. आठ वर्षं लॅपटॉपवर काम करतोय, पण ‘तू नक्की करतोस काय?’ हा अण्णांचा प्रश्न काही सुटला नव्हता.

नवी मोटर बसवली, बटण दाबलं. टिक-टिक बंद! दुसऱ्या दिवशी धाराशिवपर्यंत अण्णांचा रुमाल खिशातच राहिला. तो प्रश्नसुद्धा.