चाळीस लिटर समुद्र

"काय आवाज येऊन राहिला बे तुमच्या रूममधून रात्रभर?"

शेजारच्या रूमवाल्याने सकाळी नळावर ब्रश करता करता विचारलं आणि मी आणि माझा रूम पार्टनर एकमेकांकडे बघतच राहिलो. कारण आवाज आम्हालाही येत होता. टक्... टक् टक्... पुन्हा शांत. जणू काचेवर कोणी टाचणीने टिचकी मारतंय. आम्हाला आधी उंदीर वाटला, मग पंख्याचं बेअरिंग वाटलं. वरच्या मजल्यावरचे लोक तर भुताच्या गोष्टी सांगून मोकळे झाले!

तर मित्रांनो, ही त्या भुताची गोष्ट.

सुरुवात झाली दिवाळीच्या सुट्टीत. माझा पार्टनर रत्नागिरीकडचा. मी पक्का यवतमाळ जिल्ह्यातला, घाटंजी तालुक्यातला. वीस वर्षांचा होईपर्यंत मी समुद्र फक्त सिनेमात पाहिला होता. त्या सुट्टीत त्याच्या गावी गेलो. अमावस्येची मोठी ओहोटी होती. त्याची आजी कालवं काढायला खडपात निघाली, मागे आम्ही दोघं. पाणी इतकं आत गेलं होतं की एरवी बुडालेले काळे दगड उघडे पडले होते, आणि प्रत्येक डबक्यात काहीतरी हलत होतं. मी तासभर एकाच डबक्याशी बसून राहिलो.

तिथेच डोक्यात किडा शिरला. तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट होतंच. ठरवलं की पाण्याचं तापमान आपोआप सांभाळणारी एक छोटी टाकी करायची, आणि तिच्यात खराखुरा समुद्र ठेवायचा. यवतमाळात! पोवळ्याला हात लावायचा नाही हे पार्टनरने आधीच बजावलं, तो कायद्याने गुन्हा आहे. आम्ही दोन साधे जांभ्याचे दगड घेतले, भोकाभोकांचे, आणि शंखात राहणारे चार-पाच छोटे खेकडे. दगड ओल्या गोणपाटात गुंडाळले. रेल्वेने धामणगाव, तिथून एस.टी.ने यवतमाळ. कंडक्टरने विचारलं, "पोत्यात काय हाय?" पार्टनर म्हणाला, "दगड." कंडक्टरने काही न बोलता तिकीट फाडलं.

आता समुद्राचं पाणी म्हणजे पाण्यात मीठ टाकलं की झालं, असं मला वाटायचं. तसं नसतं. मेसच्या मिठाने चालत नाही, त्यासाठी वेगळं मिश्रण मिळतं, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम. चाळीस लिटरला जवळपास दीड किलो. शिवाय नुसतं खारं पाणी म्हणजे समुद्र नव्हे. प्राण्याच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू दगडावर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. आम्ही दगड थेट समुद्रातून आणले होते, त्यामुळे वस्ती अर्धी तयारच होती. तरी खेकडे आम्ही घाईच केली म्हणून सोडले, हे कबूल करायला हवं.

आणि खेकडे एकेक करून नाहीसे व्हायला लागले. सकाळी रिकामा शंख सापडायचा, तोही कडा फुटलेला. आणि रात्री ती टकटक.

डिसेंबरमध्ये एका रात्री लाइट बंद करून मोबाइलवर लाल कागद लावला आणि आम्ही दोघं टाकीसमोर पालथे पडलो. साडेबाराच्या सुमारास दगडाच्या भोकातून दोन डोळे बाहेर आले. देठावरचे, गोल, आणि एक इकडे तर दुसरा तिकडे फिरणारा! पार्टनर पुटपुटला, "आयला, हा दगडातनं आपल्याबरोबर आला."

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत आणि नेटवर बसून शोधलं. त्याला इंग्रजीत मँटिस श्रिंप म्हणतात. नाव फसवं आहे, कारण तो प्रार्थनाकीटक नाही आणि कोळंबीही नाही. कोळंबी-खेकड्यांचा दूरचा भाऊबंद म्हणा हवं तर. यांच्यात दोन घराणी. एक भाला मारणारे, ते चिखलात बीळ करतात आणि आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर येतात. दुसरे ठोसा मारणारे, ते दगडाच्या भोकात राहतात. आमचा ठोसेवाला. लांबी जेमतेम माझ्या बोटाएवढी. नाव ठेवलं पैलवान.

मेकॅनिकलवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने या ठोशाचा वेग मोजला. मोर-मँटिस नावाच्या मोठ्या जातीत तो सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत भरला, आणि तोही पाण्यात! नुसत्या स्नायूच्या ताकदीने हे शक्य नाही. हाताच्या आत खोगिराच्या आकाराची एक स्प्रिंग असते. स्नायू ती हळूहळू ताणतो, खटका अडकवून ठेवतो आणि मग सोडतो. गुलेलच ती. वेग इतका की समोर पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना दुसरा धक्का बसतो. म्हणजे एका ठोशात दोन मार. एवढं करून स्वतःचा हात का फुटत नाही? तर त्याच्या आत तंतूंचे थर एकमेकांवर थोडे थोडे फिरवून रचलेले असतात, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे. तडा गेला तरी तो वळत वळत जातो, सरळ आरपार जात नाही. २०१२ मध्ये ही रचना प्रसिद्ध झाली आणि तशीच कॉम्पोझिट बनवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

१९९८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेट यारमाउथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या अशाच एका बहाद्दराने काचेला तडा पाडला होता. हे वाचल्यावर पार्टनरने आपली गादी टाकीपासून लांब सरकवली.

बातमी रेक्टर सरांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. सर आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "हा पाळीव प्राणी आहे की भाजी?" पाळीव प्राण्याला हॉस्टेलमध्ये बंदी, भाजीला नाही. आम्ही एका सुरात "भाजी" म्हणालो. सर हसले. पण जाताना म्हणाले, "सुट्टीत रूम रिकामी करावी लागते, तेवढं लक्षात ठेवा." ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

पैलवान एकटाच राहायचा. त्याच्या टाकीत दुसरं काही टिकतच नाही, म्हणून टाकी त्याच्या एकट्याच्या नावावर. खायला एक दिवसाआड कोळंबीचा तुकडा. चिमट्याने धरला की भोकातून येऊन टकटक ठोसे मारायचा आणि हिसकावून न्यायचा. महिन्याभरात तो मला ओळखायला लागला असं मला वाटायचं. पार्टनर म्हणायचा, "तुला नाय, चिमट्याला ओळखतो."

खरं काम मात्र त्याचं नव्हतंच, पाण्याचं होतं. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री किती गारठा पडतो ते सांगायला नको, त्यामुळे हीटर. फेब्रुवारी संपला की उलटं. पाण्यावर कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवला. कूलरचंच तत्त्व, पाणी उडतं आणि उरलेलं थंड होतं. अर्डुइनो, तापमानाचा सेन्सर, दोन रिले. पंचविसाच्या खाली हीटर, सत्ताविसाच्या वर पंखा. आपल्या कोरड्या हवेत पंखा झकास चालतो. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणजे खारटपणा रोज वाढतो आणि रोज गोडं पाणी घालून तो जागेवर आणावा लागतो. मार्चमध्ये दिवसाला लिटरभर जायचं. त्याशिवाय दर रविवारी चार लिटर बदलायचं.

आई एकदा हॉस्टेलवर आली तेव्हा मी मोठ्या हौसेने टाकी दाखवली. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "चांगल्या पाण्यात मीठ टाकून ठेवलं? आपण पाण्यापायी काय काय केलं, इसरला काय रे?"

विसरलो नव्हतो. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर कोणीच विसरणार नाही. निळोणा आणि चापडोह आटले होते, शहरात टँकरमागे लोक धावत होते. आमच्या विहिरीत तर पोहरा दगडावर वाजायचा. मी तेव्हा शाळेत होतो. बाबा सायकलला दोन डबे अडकवून पाणी आणायचे आणि आई ते गाळून, मोजून वापरायची. आंघोळीचं पाणी कपड्याला आणि कपड्याचं फरशीला. टाकीचं जुनं पाणी तर मी दारातल्या कडुलिंबालाही घालू शकत नव्हतो, मिठाने झाड मरेल. आईचं म्हणणं मला लागलं. पण पैलवानाला काय सांगणार?

मार्चच्या मध्यात त्याने खाणं सोडलं. भोकाच्या तोंडाशी खडे रचून दार बंद करून घेतलं. आठ दिवस तसेच गेले. नेमकं तेव्हाच चुलत बहिणीचं लग्न. मी एका रात्रीसाठी गावी गेलो. त्या रात्री अवकाळी पाऊस, गारा, वादळ. तारा तुटल्या आणि संध्याकाळी गेलेली लाइट सकाळपर्यंत आली नाही. फोनही लागेना.

दुपारी धावत रूमवर आलो. पार्टनर प्रॅक्टिकलला गेलेला. पंप सुरू होता, पाणी गढूळ. आणि दगडासमोर पैलवान उताणा पडलेला. पाय वर, हात छातीशी.

पार्टनर दारात दिसला आणि मी त्याच्यावर तुटून पडलो. "एक रात्र तुला सांभाळता आलं नाही? एक रात्र!" अजून बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही. तो ऐकून घेत उभा राहिला. मी टाकी रिकामी करायला बादली उचलली तेव्हा शेजारचा रूमवाला म्हणाला, "काऊन वरडून राहिला बे त्याच्यावर? सेलचा पंप तीन वाजता बंद पडला. तवापासून थो मगाने पाणी वर-खाली करत बसला होता, हवा मिसळाले. सकाळी प्रॅक्टिकलच्या पाच मिनिटं आधी उठला."

मी बादली खाली ठेवली. काय बोलावं सुचेना. पार्टनरने मात्र चिमट्याने पैलवानाला उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "अरे थांब. मेला नाय तो. हे बघ, आत कायच नाय."

ती कात होती! डोळ्यांच्या भिंगांपासून नखांपर्यंत अख्खी, पण पोकळ आणि कागदासारखी हलकी. आणि मी दगडासकट सगळं ओतून द्यायला निघालो होतो.

सहाव्या दिवशी दारातले खडे सरकले. पैलवान थोडा मोठा आणि रंगाने उजळ होऊन बाहेर आला. चिमटा दिसताच दोन्ही हात पसरून अंगावर आला, पण ठोसा मात्र मारला नाही. नंतर वाचलं की कात टाकल्यावर त्यांचे हात काही दिवस मऊ असतात, मारता येत नाही. तेव्हा ते नुसता आव आणतात, शत्रू दारातूनच परत जावा म्हणून.

हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. एम-थ्री माझा दुसऱ्यांदा राहिला होता आणि घरी मी गेले तीन महिने "सगळं क्लिअर आहे" म्हणून सांगत होतो. त्या रविवारी आईला फोन करून खरं काय ते सांगितलं. पार्टनरला सॉरी म्हणायला मात्र आणखी दोन दिवस लागले. तो म्हणाला, "ठीकाय रे. चहा पाज."

एप्रिलमध्ये रेक्टर सरांचं वाक्य आठवावंच लागलं. उन्हाळ्यात हॉस्टेल रिकामं, गावी लाइटचा भरवसा नाही, पाण्याचा तर नाहीच. टाकी दीड महिना कोण बघणार? मी ज्याला पैलवानाची काळजी समजत होतो ती खरं तर माझी हौस होती. त्याला लागतं स्थिर पाणी, आणि ते मी देऊ शकत नव्हतो. परीक्षा झाल्यावर दगडासकट तो पार्टनरबरोबर रात्रीच्या गाडीने कोकणात गेला, झाकणाच्या डब्यात, सेलचा पंप लावून. आता टाकी त्यांच्या पडवीत आहे. बादलीभर समुद्र रोज आणता येतो, मीठ विकत घ्यावं लागत नाही. आजी त्याला कोळंबीचं डोकं टाकते आणि म्हणते म्हणे, "दगडातला दगडात गेला, बरा झाला."

पंखा, रिले, सेन्सर माझ्याकडेच आहेत. मिनी प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. एम-थ्री या वेळी निघाला. रविवारी सकाळी अजूनही सहाला जाग येते, पाणी बदलायला उठायचं म्हणून. मग आठवतं, आणि मी बादली भरून कडुलिंबाला घालून येतो. गोडं पाणी आहे, चालतं.

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार