कणगी आणि दाणे

धानाच्या प्रदेशात कणगीचे मोल सांगावे लागत नाही. शेत कितीही पिकले, तरी दाणा सुरक्षित राहिला नाही, तर वर्षभराचे श्रम वाया जातात. मनुष्याच्या आठवणींनाही अशीच कणगी लागते.

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे गाव. तेथील एका घरी दहा वर्षांचा जुना लॅपटॉप होता. तो सुरू होईपर्यंत चुलीवरचा चहा उकळून होई. 'आता हा भंगारात द्यावा,' असे थोरांचे मत पडले. परंतु सातवीतल्या नातीला ते पटेना. तिच्या दिवंगत आजीने गायिलेली रोवणीची गाणी त्यात साठवलेली होती आणि ती दुसरीकडे कोठेही नव्हती.

थोरल्या भावाने दोष शोधला. यंत्रातील हार्ड डिस्क जीर्ण झाली होती. तिच्यातील चकती मिनिटाला 5400 वेळा फिरते, आणि एक सूक्ष्म टोक चकतीला न टेकता तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचते. 1956 साली अशी पहिली यंत्रणा आली, तेव्हा तिच्या 50 मोठ्या चकत्यांवर सुमारे 50 लक्ष अक्षरे मावत. आज नखाएवढ्या कार्डात त्याच्या हजारो पट मजकूर राहतो. चकतीच्या जागी आता एसएसडी बसविता येते. तिच्यात फिरणारा भागच नसतो. माहिती सूक्ष्म कोशांत विद्युतभाराच्या रूपाने राहते व क्षणार्धात हाती येते.

नातीला नवी एसएसडी बसविण्याची घाई झाली होती. भाऊ म्हणाला, "आधी प्रत, मग पेच!" जुनी डिस्क कट् कट् वाजत होती. कित्येक तासांनी सारी गाणी उतरली. एक मात्र अर्ध्यावरच तुटले. मुलीचे डोळे भरून आले.

मग भावाने वीज तोडली, बॅटरी काढली आणि अंगातील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून धातूला हात लावला. काढलेले पेच वाटीत ठेवून त्याने नवी एसएसडी बसविली. जुने यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत जागे झाले.

परंतु अपुरे गाणे अपुरेच होते. तेव्हा मुलगी शेजारच्या एका वृद्धेकडे गेली. ती आजीच्या जोडीने चिखलात उभी राहून रोवणी करीत असे. तिने थोडे आठवून उरलेली कडवी गायिली. मुलीने ती नोंदवून घेतली. आज त्या गाण्याचा पूर्वार्ध एका आवाजात आहे आणि उत्तरार्ध दुसऱ्या.

कोणतीही कणगी कायमची टिकत नाही. ती ढासळण्यापूर्वीच दाणे दुसरीकडे हलवावेत. आणि काही दाणे माणसांच्या ओठीही राहू द्यावेत.