शिट्टीवर उघडणारं कुलूप

सिलिकॉन व्हॅलीत पाहुणा आला की त्याला गॅरेज दाखवायची पद्धत आहे. पालो आल्टोत ह्यूलेट आणि पॅकार्ड यांचं, लॉस आल्टोसला स्टीव्ह जॉब्सच्या आईवडिलांचं. रस्त्यावर उभं राहायचं, बंद दाराचे फोटो काढायचे आणि कॉफी प्यायला जायचं. माझ्या भाच्यानं शनिवारचा बेत तसाच आखला होता. मी म्हटलं, गॅरेज राहू दे, मला पेटी बघायचीय. अ‍ॅपल कंपनी निघाली १९७६मध्ये. त्याच्या काही वर्षं आधी जॉब्स आणि स्टीव्ह वॉझ्नियॅक या जोडीनं विकलेला पहिला माल म्हणजे फोन कंपनीला फसवून फुकट कॉल लावणारी एक पेटी.

“मामा, चोरीचा माल बघायला एवढ्या लांब आलास?” भाचा म्हणाला आणि गाडी माउंटन व्ह्यूकडे वळवली.

तिथलं संगणक इतिहास संग्रहालय शोअरलाइन बुलेव्हार्डवर आहे. इमारत पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची होती. कंपनी उतरणीला लागली, इमारतीत इतिहास राहायला आला. मांडणी अबॅकसपासून सुरू होते आणि पहिल्या तासातच पाय बोलायला लागतात. मी मध्ये एकाच ठिकाणी रेंगाळलो, पीडीपी-१ या संगणकापाशी. स्वयंसेवकांनी तो दुरुस्त करून चालता केला आहे. गोल पडद्यावर अजून ‘स्पेसवॉर’ खेळता येतो.

याच जातीचं एक यंत्र १९६१मध्ये एमआयटीला भेट मिळालं होतं. तिथल्या मॉडेल रेल्वे क्लबच्या पोरांनी त्याचा ताबा घेतला. ही पोरं मुळात खेळण्यातल्या रेल्वेवाली, पण त्यांचं खरं प्रेम रुळांच्या टेबलाखालच्या तारांवर, आणि तिथं बसवलेले रिले होते टेलिफोन एक्स्चेंजचे. त्यामुळे नोव्हेंबर १९६३मध्ये एमआयटीच्या विद्यार्थी वृत्तपत्रात ‘हॅकर’ मंडळींविरुद्ध पहिली तक्रार छापून आली, ती संगणकाबद्दल नव्हतीच, फोनबद्दल होती. हार्वर्डकडे जाणाऱ्या सगळ्या लाइनी अडवून ठेवल्या, लांबचे कॉल लावून बिल दुसऱ्याच्या माथी मारलं, आणि बाहेरची लाइन सापडेपर्यंत डायल टोन हुडकायला चक्क पीडीपी-१ जुंपला, असे आरोप होते. संगणक फोडणारे आणि फोन फोडणारे अशी दोन घराणी आपण मानतो. सुरुवातीला घर एकच होतं.

पेटी पुढच्या एका दालनात आहे. तळहातापेक्षा थोडी मोठी, वर फोनसारखी बटणं. शेजारच्या भल्याथोरल्या यंत्रांपुढे ती कुणाच्या नजरेतही भरत नाही. नाव ‘ब्लू बॉक्स’, कारण टेलिफोन कंपनीच्या माणसांनी १९६१मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका कॉलेजात अशी पहिली पेटी पकडली ती निळी होती.

तिचं काम समजायला सोपं आहे. अमेरिकेतली जवळजवळ सगळी दूरध्वनी यंत्रणा तेव्हा एटी अँड टी या एकाच कंपनीच्या हातात होती. शहरांमधल्या लांबच्या लाइनी, म्हणजे ट्रंक, रिकाम्या आहेत की कामात, हे यंत्रांनी एकमेकांना कळवायचं कसं? वेगळी तार टाकणं महाग. मग ठरलं की ज्या तारेवरून माणूस बोलतो तिच्यावरूनच यंत्रांनीही बोलायचं, सुरांत. लाइन रिकामी असेल तर २,६०० हर्ट्झचा सूर वाजत राहील. आकडे कळवायचे ते ७०० ते १,७०० हर्ट्झमधल्या सहा सुरांच्या जोड्यांनी.

ग्यानबाची मेख इथंच होती. फुकटचा ८०० नंबर फिरवायचा आणि पलीकडून कुणी उचलायच्या आत तोंडाजवळ २,६०० हर्ट्झ वाजवायचा. दूरच्या टोकाला वाटतं, गडी फोन ठेवून गेला. ते लाइन मोकळी करतं. सूर थांबला की त्याला वाटतं, नवा कॉल येतोय, आकडे सांगा. इकडचं बिल करणारं यंत्र मात्र समजतं, साहेब अजून फुकटच्याच नंबरावर आहेत. आता सुरांच्या जोड्या वाजवा आणि जगात कुठंही बोला. कंपनीचं यंत्र सूर ओळखायचं, गाणारा ओळखायचं नाही.

हे गुपित सगळ्यात आधी कळलेल्यांत एक अंध मुलगा होता, जो एंग्रेशिया. जन्म १९४९चा, कान पक्का. डायलला हात न लावता फोनच्या खटक्यावर टिचक्या मारून नंबर लावता येतो, हे त्यानं अगदी लहानपणी शोधलं. आपल्याकडे डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप घालणाऱ्या घरांतल्या पोरांनाही ही विद्या येत होती: पाचासाठी पाच टिचक्या, शून्यासाठी दहा. पण एंग्रेशिया पुढे गेला. सात-आठ वर्षांचा असताना फोनवर शिट्टी घातली आणि चालू कॉल तुटला. एखाद्यानं आई-बाबांना सांगितलं असतं. यानं पुन्हा घातली. १९६८मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठात तो दोस्तांना डॉलरभरात शिट्टीनं लांबचे कॉल लावून देताना सापडला.

त्याच्यासारखी अंध मुलं या मंडळींत बरीच होती. त्यांना फुकट बोलण्यापेक्षा कुणाशी तरी बोलणं हवं होतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एक्स्चेंजमधला २१११ हा चाचणीचा नंबर त्यांना सापडला, आणि अनोळखी गावांतली पोरं रात्र-रात्र त्यावर एकत्र गप्पा मारू लागली. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सर्वांत निर्मळ भाग हाच.

जॉन ड्रेपर हा पूर्वी हवाईदलात रडार-रेडिओची कामं केलेला माणूस. ‘कॅप्टन क्रंच’ नावाच्या न्याहारीच्या डब्यात पोरांसाठी प्लास्टिकची शिट्टी फुकट मिळायची. तिचं एक भोक बंद केलं की नेमका २,६०० हर्ट्झ वाजतो, हे त्याला या अंध मुलांकडून कळलं. शिट्टीचं नाव पुढे त्यालाच चिकटलं. ऑक्टोबर १९७१च्या ‘एस्क्वायर’ मासिकात रॉन रोझेनबॉमनं या साऱ्या जगावर लेख लिहिला, आणि तो वाचताना वॉझ्नियॅकनं मध्येच थांबून जॉब्सला फोन केला. जॉब्स तेव्हा शाळेत शेवटच्या वर्षाला होता.

संग्रहालयातून निघून आम्ही २८० हायवेला लागलो. सँड हिल रोडच्या जवळ हा रस्ता एका लांबलचक सरळ इमारतीवरून जातो. ती स्टॅनफर्डची रेषीय त्वरक प्रयोगशाळा, स्लॅक. जमिनीखालच्या त्वरकाची लांबी सुमारे ३.२ किलोमीटर. आत सहज जाता येत नाही, दारावर ओळखपत्रं तपासतात. लेख वाचला त्या १९७१मधल्या रविवारी मात्र दोघं स्टीव्ह तिच्या ग्रंथालयात उघड्या दारानं शिरले आणि कपाटं चाळून सुरांचे आकडे शोधून काढले. आकडे कुणी चोरून आणलेले नव्हते. एटी अँड टीच्याच बेल सिस्टिम या समूहाच्या तांत्रिक नियतकालिकात १९५४ आणि १९६०मध्ये कंपनीच्याच अभियंत्यांनी ते अभिमानानं छापले होते. असल्या रटाळ मजकुरापर्यंत येतंय कोण, अशी कंपनीची समजूत. वाचणारा निघाला. याच स्लॅकच्या सभागृहात पुढे १९७५पासून होमब्रू कॉम्प्युटर क्लब भरू लागला आणि वॉझ्नियॅकनं अ‍ॅपल-१ तिथंच मित्रांना दाखवला.

बर्कलीला पोचेपर्यंत दुपार कलली. वॉझ्नियॅक तेव्हा इथल्या वसतिगृहात होता. त्याची पेटी डिजिटल होती, सूर न घसरणारी. जॉब्सनं हिशेब केला: सुटे भाग सुमारे ४० डॉलर, विक्री १५०. दोघं खोल्यांची दारं ठोठावत फिरले. एका रात्री वॉझ्नियॅकनं हेन्री किसिंजर असल्याची बतावणी करून व्हॅटिकनला फोन लावला आणि पोपना बोलवायला सांगितलं. पोप झोपले होते. कुणी गंमत म्हणो, मला यात एंग्रेशियाचं कुतूहल संपून दुकान सुरू झालेलं दिसतं.

कंपनीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. चोर पकडण्यासाठी तिनं १९६४ ते १९७० या काळात ‘ग्रीनस्टार’ या गुप्त योजनेखाली सुमारे ३ कोटी ३० लाख कॉलवर यंत्रांकरवी पाळत ठेवली आणि त्यांतले लाखो कॉल ध्वनिमुद्रित केले. याच बर्कलीतून निघणाऱ्या ‘रॅम्पार्ट्स’ मासिकानं जून १९७२मध्ये फोनचं बिल चुकवणाऱ्या एका उपकरणाची आकृती छापली, तर कंपनीनं अंक बाजारातून उचलायला लावले. स्वतः आकडे छापायचे, दुसऱ्यानं आकृती छापली की कायदा काढायचा! खरा उपाय १९७६पासून सुरू झाला: यंत्रांचं बोलणं वेगळ्या तारेवर हलवलं. शिट्टी हळूहळू मुकी झाली. ड्रेपर त्याच सुमारास तुरुंगात होता. पुढे कोठडीची शिक्षा भोगत असतानाच त्यानं अ‍ॅपल-२साठी ‘ईझी रायटर’ हा शब्दसंस्कारक लिहिला.

परतताना हेवर्डची पाटी गेली तेव्हा भाच्याला मी पुढचा किस्सा सांगितला. ड्रेपर बर्कलीला दोघांना भेटून गेल्यानंतर रात्री याच बाजूला जॉब्सची गाडी बंद पडली. पब्लिक फोनवरून पेटीनं ड्रेपरला गाठायची खटपट चालू असताना पोलीस आले आणि पेटी हातात घेऊन हे काय म्हणून विचारलं. वॉझ्नियॅक म्हणाला, संगीताचं यंत्र. एका बटणाबद्दल विचारल्यावर जॉब्सनं काहीतरी तांत्रिक थाप ठोकली. पोलिसानं पेटी परत दिली आणि सहानुभूतीनं सांगितलं की मूग नावाच्या माणसानं असं यंत्र तुमच्या आधीच बनवलंय. मग ड्रेपरच व्हॅन घेऊन दोघांना न्यायला आला.