उचल

"मेकॅनिकलचा पोरगा आणि सीएच्या ऑफिसात इंटर्नशिप? तिथे काय कॅल्क्युलेटर रिपेअर करत होतास?" हा विनोद मी होस्टेलच्या जिन्यात, मेसच्या रांगेत आणि एकदा तर चक्क व्हायवाला ऐकला आहे. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

गोष्ट २०२४ च्या जून-जुलैची. सेकंड इयर संपलं होतं. वर्गातले निम्मे लोक पुण्याला, चाकणला कुठे ना कुठे चिकटले होते. मी अकरा ठिकाणी मेल टाकले. दोन ठिकाणांहून 'कळवतो' असं उत्तर आलं, ते अजून कळवताहेत. कोल्हापूरला घरी येऊन आठ दिवस झाले, तसे पप्पा म्हणाले, "पंख्याखाली बसून कोण इंजिनिअर झालेलं बघितलं नाही मी. साहेबांना विचारलंय, उद्यापासनं तिकडं जा. कॉम्प्युटर येतोय नव्हं तुला?"

साहेब म्हणजे आमचे सीए. पप्पांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, दोन कामगार आणि तिसरे पप्पा स्वतः. त्यांचे हिशोब या साहेबांकडे असतात. ऑफिस लक्ष्मीपुरीत, लाकडी जिना चढून वर. भिंतीला लागून छतापर्यंत फाईली, आणि फाईलीत न मावलेल्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या.

साहेबांनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला. "इथले आकडे या जिन्यावरून खाली उतरत नाहीत. मित्राला सांगायचे नाहीत, घरीही नाहीत. जमणार असेल तर बस." मी मान डोलावली. त्यात अवघड काय, असं वाटलं होतं.

मला शिकवायला काका होते. वय साठीच्या आसपास, चष्मा कपाळावर. टॅली यायच्या आधीपासून, म्हणजे किर्द-खतावणी हाताने लिहायच्या काळापासून ते हेच काम करत आलेले. त्यांनी विचारलं, "जर्नल एंट्री येते का?" मी छाती फुगवून म्हटलं, "काका, चार सेमिस्टर जर्नलच लिहितोय." (कॉपी करतोय, हे सांगितलं नाही.) काका गप्प बसले, पण शेजारच्या टेबलावरची आर्टिकलशिप करणारी ताई खुदकन हसली. दोन दिवसांनी याच्यावर कडी झाली. एका किराणा दुकानाच्या खात्यात 'ड्रॉइंग्ज' असं दिसलं, म्हणून मी विचारलं, "काका, किराणा दुकानाला ड्रॉइंग कशाला लागतं? पार्टचं की असेंब्लीचं?" मग मात्र अख्खं ऑफिस हसलं. काका म्हणाले, "अरे, ड्रॉइंग म्हणजे उचल. मालकानं धंद्यातनं घरासाठी उचललेला पैसा. घर वेगळं, धंदा वेगळा. मालक झाला म्हणून काय झालं, त्याच्याही नावावर लिहायचं."

खरं सांगतो, पहिला आठवडा डोकं उठलं होतं. बँकेच्या पासबुकात जमा असलेला पैसा आपल्या वहीत नावे कसा? काका म्हणायचे, "येईल ते नावे, जाईल ते जमा. बँक तिच्या बाजूनं लिहिते, आपण आपल्या." शेवटी मीच त्याला किर्चहॉफचा नियम लावला. नोडला जेवढा करंट आत येतो तेवढाच बाहेर जातो, तसं प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू आणि दोन्हींची बेरीज सारखी. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ही द्विनोंदी पद्धत मांडली होती. म्हणजे न्यूटन जन्मायच्या दीडशे वर्षं आधी. आपल्याला बी.कॉम.च्या पोरांना नावं ठेवायचा अधिकार कुणी दिला, असं तेव्हा प्रथमच वाटलं.

काकांची एक युक्ती तर मी गणिताच्या सरांनाही सांगितली. एका कापड दुकानाच्या बँक खात्याचा मेळ बसेना, २७,००० चा फरक. मी दुपारभर एकेक एंट्री टिक करत बसलो होतो. काकांनी लांबूनच विचारलं, "नवानं भाग जातो का?" जात होता. "मग आकडे उलटे पडलेत कुठंतरी." आणि खरंच, ६३,४०० च्या जागी मी ३६,४०० टाकले होते! कुठलेही दोन शेजारचे अंक उलटे झाले की फरकाला नवाने भाग जातोच. (क्ष दहापट अधिक य, त्यातून य दहापट अधिक क्ष वजा. करून बघा.) आणि फरकाला दोनाने भाग गेला तर नावेची रक्कम जमेला पडली का तेही बघायचं. इंजिनिअरिंगच्या गणिताच्या चार पेपरात इतकं उपयोगी काही भेटलं नव्हतं.

जुलै उजाडला आणि ऑफिसची मेस झाली. रिटर्नची शेवटची तारीख ३१ जुलै. पेन्शनर, शिक्षक, फॉर्म सोळाच्या घड्या घेऊन जिन्यापर्यंत रांग. त्यातच दर महिन्याच्या जीएसटीच्या तारखा, ११ आणि २०. माल विकणाऱ्याने आपलं बिल पोर्टलवर दाखवलं नाही, तर घेणाऱ्याला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे दिवसभर फोनवर एकच वाक्य, "अहो, तुमच्या पार्टीला रिटर्न भरायला सांगा."

अशा गडबडीत एका संध्याकाळी काकांनी माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. साडीच्या दुकानाची, गुलाबी, एक बंद तुटून गाठ मारलेली. मी ती ओळखली. ती गाठ आईची होती.

काका म्हणाले, "ही तुझ्याकडं. दुसऱ्या कुणाची असती तर जशी केली असतीस, तशीच कर."

उघडली. पप्पांच्या हाताला ऑइल असतं, ते बिलांना लागलेलं. पहिले दोन दिवस मजा वाटली. लेथ २००९ साली ३,२०,००० ला घेतलेला. त्यावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा. पंधरा वर्षांचा हिशोब केला तर कागदावर उरतात २७,९५३ रुपये. ज्या मशीनवर आमचं घर चालतं त्याची किंमत माझ्या रूम-पार्टनरच्या मोबाईलपेक्षा कमी! हे मी ताईला हसत हसत दाखवलंसुद्धा.

मग येणेबाकी काढली. एका मोठ्या कंपनीकडे २,३६,००० रुपये, नोव्हेंबरच्या बिलापासून थकलेले. त्यात दोन लाखांचा माल आणि छत्तीस हजार जीएसटी. आता गंमत अशी, की जीएसटी पैसे आल्यावर भरायचा नसतो, बिल फाडलं की भरायचा असतो. पोलादावर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा करूनही जो कर उरला, तो पप्पांनी वेळच्या वेळी खिशातून भरला होता. कंपनीने एक रुपया दिलेला नसताना! मला वाटायचं, कॉम्प्रेशनमध्ये फेल्युअर कसं होतं ते मला 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' मध्ये शिकवलंय.

आणि मग ते खातं उघडलं. ड्रॉइंग्ज.

वर्षाचा नफा ३,४२,०००. उचल ४,०६,०००. नफ्यापेक्षा चौसष्ट हजार जास्त, म्हणजे तेवढं भांडवल कमी झालेलं. खाली एकेक ओळ. कॉलेज फी १,१८,०००. होस्टेल ३२,०००. मेस, दर महिन्याला तीन हजार, अकरा वेळा. आणि 'चिरंजीव, किरकोळ' या नावाखाली चोवीस हजार. बेरीज केली, २,०७,०००. अख्ख्या घराच्या उचलीतली निम्म्याहून जास्त उचल माझी एकट्याची. त्या 'किरकोळ' मधल्या काही तारखा मला पाठ होत्या. एक गोव्याच्या ट्रिपची होती. प्रोजेक्टचं सामान आणायचंय म्हणून मागितलेले ते पैसे.

फीच्या एंट्रीच्या आदल्या दिवशी, जुलै २०२३ मध्ये, पतसंस्थेकडून ६०,००० जमा. तपशील एका शब्दाचा : सोनेतारण.

मी ती एंट्री तपासली, पावतीशी जुळवली आणि टिक केली. दुसऱ्या कुणाची असती तर तेच केलं असतं.

त्या रात्री आई भाकरी वाढत होती, तेव्हा तिच्या हाताकडे बघत होतो. पाटल्या नव्हत्या. कधीपासून नाहीत ते काही केल्या आठवेना. मी सुट्टीत घरी आल्या आल्या लॅपटॉपचा लकडा लावला होता, सॉलिड मॉडेलिंगला जुना चालत नाही म्हणून. बासष्ट हजारांचा. पप्पांनी आपणहून विषय काढला, "तुझ्या लॅपटॉपचं ऑगस्टात बघूया."

"नको पप्पा. लॅबमध्ये आहेत की कॉम्प्युटर."

"का रे? परवापर्यंत तर जेवत नव्हतास त्याच्यापायी."

काय सांगणार? आकडे जिन्यावरून खाली उतरत नाहीत. ज्यांचे आकडे त्यांनाही मी सांगू शकत नव्हतो, की मी बघितलेत. "असंच," म्हणालो आणि पाणी प्यायलो. पप्पांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, असं वाटलं.

(हे आज लिहितोय ते पप्पांना विचारून. आकडे बदललेत. "लिही की, त्यात काय चोरी आहे?" असं म्हणाले.)

चार दिवसांनी पप्पा सहीला आले. बाहेर चपला काढल्या. त्या ऑफिसात कोणी चपला काढत नाही. साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर ते अगदी कडेला टेकून बसले, हातात हात धरून, आपण व्हायवाला बसतो तसे. वर्कशॉपमध्ये हाच माणूस नुसत्या आवाजावरून टूल बोथट झालंय ते सांगतो. मी मॉनिटरमध्ये डोकं घातलं.

साहेबांनी आधी त्या कंपनीचं काढलं. "तुम्ही उद्यम नोंदणी करून घ्या, फुकट होते. २००६ चा कायदा आहे, छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज. आणि २०२३-२४ पासून, वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी आयकरात वजाही मिळत नाही. एक नोटीस पाठवू."

"नोंदणी करतो साहेब. नोटीस नको. पैसे येतील, पण पुढची ऑर्डर येणार नाही."

साहेब यावर काही बोलले नाहीत. बहुतेक हे उत्तर त्यांनी त्या आठवड्यात बऱ्याच वेळा ऐकलं असावं. (नोंदणी मात्र मीच केली, अर्ध्या तासात. पैसे दिवाळीच्या आधी आले, दोन हप्त्यांत.) मग त्यांनी ताळेबंदाचं पान उलटलं आणि पेनाने एका आकड्याभोवती गोल केला.

"या वर्षी उचल फार झाली हो. भांडवल खातंय."

टॅलीच्या स्क्रीनवर मी उगाचच वर-खाली करत होतो. काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

पप्पा म्हणाले, "होणारच साहेब. जॉब मोठा आहे. अजून दोन वर्षं मशीनवर राहील."

आणि मग सगळे खिसे चाचपून त्यांनी माझ्याकडे हात केला. "पेन दे रे."